कान टवकारून

रविवारची दुपार. मी पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. आतल्या खोलीतून धाकटीची बडबड येत होती. मोठा त्याच्या खोलीत होता, म्हणजे नसल्यातच जमा. नवरा पेपर तोंडावर घेऊन सोफ्यावर आडवा. सगळं सुरळीत चाललेलं, आणि मध्येच बडबड थांबली.

ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. बरंच वाटेल उलट. माझा हात मात्र शर्टाच्या बाहीवर तसाच राहिला. अशा वेळी मनात आकडे मोजायचे असतात. दहाच्या आत काहीतरी पडलं, आपटलं, कुणी गाणं म्हटलं, तर पुन्हा घड्या घालायच्या. नाहीतर उठायचं.

उठले.

धाकटी खुर्चीपुढे मांडी घालून बसली होती. जखमेवर लावायच्या पट्ट्यांचा अख्खा डबा खुर्चीच्या एका पायावर संपला होता. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. "मोठ्याने बोलू नको. पाय मोडलाय तिचा. आत्ताच झोपलीये." ओरडायचं तर होतं, पण पेशंट झोपलेला. मीही कुजबुजतच विचारलं, "फार दुखत होतं का?" ती म्हणाली, "खूप. पण रडली नाही." त्यानंतर तो पाय आम्ही अजून सोडवलेला नाही. डॉक्टरांची परवानगी नाही.

शांततेत प्रकार असतात हे मला मुलं झाल्यावर कळलं. स्केचपेनची शांतता लांबलचक आणि एकसंध असते, आणि ती जरा जास्तच लांबली तर समजावं की कागद संपून भिंत सुरू झालीये. कात्रीच्या शांततेत श्वास ऐकू येतो, कारण कापताना धाकटीचं तोंड उघडं असतं. पाण्याची शांतता फसवी. नळ अगदी बारीक सोडलेला असतो, जेणेकरून आईला कळू नये, आणि तिथे बादलीत कुणाची तरी अंघोळ चाललेली असते. परवा ती टीव्हीच्या रिमोटची होती. पण सगळ्यात महागात पडते ती दोघांची मिळून शांतता. एरवी उशीवरून, खिडकीवरून, 'ती माझ्याकडे बघतेय' यावरूनसुद्धा भांडणारी ही माणसं एकमताने गप्प बसली की कट शिजलाच म्हणून समजा. राहता राहिली झोपेची शांतता. ती ओळखू येते, तिला एक वजन असतं. तरी मी खात्री करायला दारापर्यंत जातेच, आणि नेमकं तिथेच ते शिटी वाजणारं रबरी बदक पायाखाली येतं.

लहानपणी मला वाटायचं, माझ्या आईला पाठीमागे डोळे आहेत. ती दुपारी थोडा वेळ पडायची. "मला कुणी हाक मारायची नाही," असं बजावून भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिच्या शिवणयंत्राला हात लावायला आम्हा बहिणींना सक्त मनाई होती, त्यामुळे आमचा सगळा जीव त्या यंत्रात. एका दुपारी आम्ही झाकण अलगद काढलं. बहिणीने चिंधी धरली आणि मी हाताने चाक फिरवू लागले, इतकं हळू की सुई खाली उतरताना दिसायची पण आवाज नाही. एक टाका. दुसरा टाका. जगातला सगळ्यात सावकाश शिवलेला रुमाल झाला असता तो. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून, भिंतीकडे तोंड केलेल्या अवस्थेतूनच आवाज आला, "चाक उलटं फिरवू नका. दोरा अडकेल."

आम्ही पळालो. हे तिला कसं कळलं यावर कित्येक वर्षं आमची चर्चा व्हायची. बहिणीचं म्हणणं होतं की तिला चाकाचा आवाज आला. माझं म्हणणं, आवाज नव्हताच. मी स्वतः आई झाल्यावर एकदा तिलाच विचारलं. तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. "यंत्राचं काय ऐकायचं?" म्हणाली. "तुम्ही दोघी भांडायच्या थांबला असाल."

हे शिक्षण सुरू होतं ते रडण्यापासून. मोठा जन्मला तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं की तान्हं मूल जीव तोडून रडतं आणि डोळ्यांत टिपूस नसतो. पहिले काही आठवडे अश्रू येतच नाहीत, नुसता आवाज. तोही दिवसेंदिवस वाढत जातो. १९६२ साली ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने आयांना रडण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. त्यातून निघालं की रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोहोचतं, दिवसाला जवळजवळ पावणेतीन तास, आणि मग उतरणीला लागतं. हे मी नेमकं सहाव्या आठवड्यात वाचलं आणि मला रडूच आलं. निदान याला काहीतरी शिखर आहे! पण एका खांद्यावर मूल आणि दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन वेळ टिपणाऱ्या त्या आयांना माझा साष्टांग नमस्कार. मला तर तेव्हा वार कुठला हेही आठवायचं नाही.

आणि ते न रडणाऱ्या मुलाचं रडणं! त्याबद्दल आधी कुणीच का सांगत नाही? अंघोळीला गेलं, पाणी सोडलं की हमखास बाहेरून रडं ऐकू यायचं. नळ बंद करावा तर शांत. सोडावा, पुन्हा रडं. अंगावर साबण तसाच ठेवून मी मान तिरकी करून उभी. बाहेर येऊन बघावं तर मूल गाढ झोपलेलं आणि शेजारी त्याचा बाप त्याहून गाढ. मला वाटलं, माझंच काहीतरी बिनसलंय. मग एकदा मैत्रिणींमध्ये भीत भीत विषय काढला, तर एकीने नुसतं "नळ?" असं विचारलं आणि सगळ्या हसायला लागल्या.

नवऱ्याच्या झोपेबद्दल मी बरीच वर्षं उदार होते. पुरुषांना ऐकूच येत नाही, निसर्गाचीच तशी योजना, असं मोठ्या बायकांनी सांगितलेलं आणि मीही मानलेलं. उगाच निसर्गाशी कोण भांडणार? मग २०१३ सालच्या एका अभ्यासाबद्दल वाचनात आलं. आई-बाबांना वेगवेगळ्या बाळांचं रडणं ऐकवून आपलं कुठलं ते ओळखायला सांगितलं होतं. आया साधारण ९० टक्के वेळा बरोबर ओळखत होत्या. आणि दिवसातले ४ तास किंवा जास्त मुलासोबत घालवणारे बाबाही तितकेच बरोबर! कमी वेळ देणारे बाबा ७५ टक्क्यांवर अडकले होते. म्हणजे हा कान जन्माबरोबर मिळत नाही, तो घासून घासून तयार होतो. पुढे डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी झोपेतल्या ऐकण्याचाही छडा लावला. अगदी हलक्या आवाजाला बायका किंचित जास्त जाग्या होतात. आवाज नेहमीच्या रडण्याइतका वाढला की फरक उरत नाही. फरक असतो तो उठण्यात. रात्री उठून मुलाकडे बघणाऱ्यांत आया बाबांच्या तिप्पट.

हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे ऐकू येतं हे तिथेच सिद्ध झालं. मग म्हणाला, "मी उठणारच असायचो. पण मी उठेपर्यंत तू उठलेली असायचीस." हे खोटं नाही. तो पलंगावरून एक पाय खाली टाकेपर्यंत मी मूल उचलून, थापटून, "राहू दे, तू झोप" असं जरा फणकाऱ्याने म्हणूनही झालेलं असायचं. यात दोष कुणाचा याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

घासून तयार केलेल्या या कानाला मध्यंतरी मोठ्या मुलाने चांगलाच दगा दिला. मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेरच्या खोलीतून एका परक्या पुरुषाचा आवाज आला, "आई, माझा चार्जर कुठाय?" काळजात धस्स झालं. वाक्य ओळखीचं, आवाज अनोळखी. या वयात मुलग्यांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो, हे पुस्तकात ठीक आहे. पण चौदा वर्षं ज्या आवाजाच्या चढउतारावरून पोट दुखतंय की शाळेत काही झालंय हे न बघता ओळखत होते, तो आवाज एका हंगामात घरातून निघून गेला आणि त्याचा निरोपसमारंभही झाला नाही. नवीन आवाजात मला काहीच वाचता येत नाही. "ठीक आहे" म्हणतो. आता हे कसलं ठीक आहे? माझ्या भावाचा फोन याने उचलला, तर भाऊ त्याच्याशी बराच वेळ घराच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलत राहिला. भाच्यानेही "हं, बरोबर, बघू" असं म्हणत तो तडीस नेला. त्या सल्ल्याने मामाला फार बरं वाटलं म्हणे.

हाच मुलगा जन्मला तेव्हा त्याची नजर जेमतेम वीतभर-दीड वीत पोहोचायची, पण माझा आवाज त्याला आधीपासून माहीत होता. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी हे मोठ्या युक्तीने दाखवलं होतं. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी लय धरली. माझा आवाज ऐकण्यासाठी कुणीतरी कष्ट घेतले असते, असा एक काळ होऊन गेला. आता त्या कानांवर हेडफोन असतात. मी तीन हाका मारते, मग दारावर टकटक, मग खोलीतला दिवा उघडझाप. दिव्याला तो ओ देतो.

आणि आई. ती हल्ली आमच्याकडे असते. वयाने ऐकू कमी येतं ते सगळंच एकसारखं कमी होत नाही, बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ निसटतात, घोगरं-खर्जातलं राहतं. त्यामुळे आमच्याकडे असं झालंय की धाकटी आजीला दिवसभर जे सांगते त्यातलं आजीला फारसं पोहोचत नाही, आणि मोठ्याचं एकूण एक अक्षर कळतं. "आता कुठे हा नीट बोलायला लागला," असं ती त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणते. धाकटीला याचा संताप. तिने यावर उपाय म्हणून जाड आवाज काढायचं ठरवलंय, त्यामुळे घरात संध्याकाळी अस्वल शिरल्यासारखं वाटतं. आईला कानाचं यंत्र आणून दिलंय. पण मुलांचं भांडण टिपेला गेलं की ती ते काढून डबीत ठेवते, आणि मला म्हणते, "किती शहाणी आहेत गं तुझी मुलं. आवाज म्हणून नाही."

मला तिचा राग येतो आणि हेवाही वाटतो. तिने तिची नोकरी पूर्ण केली. एकाच्या कानावर हेडफोन, एकीचं यंत्र डबीत, एकाच्या तोंडावर पेपर, आणि मधोमध मी, कुकरपासून बेलपर्यंत सगळं ऐकणारी. कधीतरी वाटतं, आपणही एक डबी आणावी.

तशी संधी आलीही होती. कामानिमित्त परगावी जायचं होतं, एक रात्र हॉटेलात, एकटीने. दार लावलं, फोन गप्प केला, पलंगाच्या बरोबर मध्ये हातपाय पसरून झोपले. आणि मध्यरात्री टक्क जागी. भिंतीपलीकडच्या खोलीत कुणाचं तरी मूल रडत होतं. तान्हं, दीड-दोन महिन्यांचं असावं. भुकेचं रडं नव्हतं ते, झोप आलेली आणि सापडत नसलेली, त्यातलं. माझे पाय खाली टेकलेसुद्धा होते. माझ्याकडे तिथे काही काम नाही हे लक्षात यायला वेळ लागला.

मग पलीकडे पावलं वाजली. जड पावलं, पुरुषाची. येरझाऱ्या सुरू झाल्या आणि बरोबर एक बेसूर गुणगुणणं. बाईचा आवाज कुठे नव्हता. झोपली असेल. झोपू दे बाई.

पण तो फार भरभर चालत होता. अशाने मूल झोपत नाही. सावकाश चालावं लागतं, वळताना थांबावं लागतं, आणि ते गाणं तर आधी बंद करायला हवं. भिंतीवर टकटक करून एवढं सांगावं का, असा विचार करत मी बसले होते, तेवढ्यात मूल झोपलं.

मला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.