बॉनेटवर नारळ

जुनी गाडी डेंटिंगला आली की मी आधी तिच्यावर चुंबक फिरवतो. कुठे खरा पत्रा आहे आणि कुठे आधीच्या पेंटरने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापलीय, ते दोन मिनिटांत कळतं. त्या दिवशी डॉक्टरांच्या लाल गाडीच्या बॉनेटवर चुंबक ठेवलं, तर ते घरंगळत खाली पडलं. दुसरीकडे ठेवलं, तिथूनही पडलं. हाताखालचा पोरगा फिदीफिदी हसायला लागला.

गाडी होती सॅन स्टॉर्म. आजच्या पोरांना नावही ठाऊक नसतं. १९९८ साली आलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, आपल्या शेजारी गोव्यात बनलेली. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. आणि अंगाला पत्रा नाहीच, सगळी बॉडी फायबरची. हे मी ऐकून होतो, पण वीस वर्षांची सवय. हात आपसूक चुंबकाकडे आणि मग हातोडीकडे गेला.

झालं होतं असं, की यंदा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, वेळेवर आलाच नाही. माडावरचे नारळ सुकून गेले, आणि जुलैच्या एका वादळी रात्री त्यातला एक थेट बॉनेटवर उतरला. डॉक्टर तो नारळही पिशवीत घालून घेऊन आले होते, पोलीस हत्यार आणतात तसा.

पत्रा असता तर खळगा पडला असता, आणि मागून डॉली, म्हणजे ठोकताना टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरून अर्ध्या दिवसात मी तो उचलला असता. फायबर वाकून राहत नाही, तडकतं. वरून पाहिलं तर जखम पाच रुपयांच्या नाण्याएवढी, भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. बॉनेट उघडून खालून पाहिलं तर काचेचे पांढरे धागे पिंजारलेले.

नवीन बॉनेट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे फोन फिरवून पाहिले होते. एकाने सांगितलं होतं, वरून लांबी भरतो, रंग मारतो, कळणारसुद्धा नाही. खरंच कळलं नसतं, दोन महिने. मग इंजिनची धग आणि बॉनेट आपटण्याचे हादरे खाऊन लांबी चिरेसकट वर आली असती. मी ‘बघतो’ म्हणालो. ‘मला येत नाही’ असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचं जिवावर येतं.

त्या रात्री डोक्यात आलं, की फायबर रोज कोण जोडतं? मालवणात होड्यावाले. आमच्या कुडाळहून तीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर जाऊन एका काकांना गाठलं. मोबाईलवर फोटो पाहून ते म्हणाले, “ह्या गाडयेचा काम न्हय, होडयेचा आसा. मागसून भरूचा, फुडसून नाय.”

चतुर्थीला बारा दिवस उरले होते. चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेज भरलेलं, त्यात काका काचेच्या धाग्यांच्या मॅटचा गुंडाळा आणि ती भिजवून कडक करणाऱ्या रेझिनचा डबा घेऊन एसटीतून उतरले. कोपऱ्यातला नारळ दिसताच त्यांनी विचारलं, “ह्योच तो?” आणि कामाला हात लावण्याआधी मला तोच वाढवायला लावला. पाणी बॉनेटवर शिंपडलं, खोबरं सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांचा पुरावा आम्ही असा खाऊन टाकला.

मग त्यांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढून बॉनेटवर वाजवायला सुरुवात केली. टण, टण, टण... थप. जिथे थप वाजलं तिथे खडूची खूण. आतले थर एकमेकांपासून सुटले की आवाज बसतो. खुणा जोडल्या तेव्हा नाण्याएवढी जखम आतून ताटाएवढी निघाली. आणि नारळापासून लांब, डाव्या कोपऱ्यातही थप आला. घासून बघितलं तर खाली चांगली जाड लांबी. डॉक्टरांनी गाडी सेकंडहॅन्ड घेतलेली, त्यांना याचा पत्ताच नव्हता. चुंबकाने मला हे जन्मात सांगितलं नसतं.

मोडका भाग कापायचा तर वरची गोलाई धरून ठेवायला काहीतरी हवं. काकांनी आधी खालून टेकू देऊन खचलेला भाग लेव्हलला आणला. चिरा आणि खड्डा कशाने भरायचा? शेजारीच गणपतीची शाळा, तिथून शाडूची माती मागून आणली. माती भरून वर ब्राऊन टेप, त्यावर सगळ्या बॉनेटला मेणपॉलिशचे चार हात, आणि त्यावर मॅट-रेझिन चढवून अख्ख्या बॉनेटचा साचा काढला. दुसऱ्या दिवशी बॉनेट साच्यात उलटं झोपवलं. आता मोडकं कापलं तरी गोलाई कुठे जाणार नव्हती.

ग्राइंडर मात्र माझ्या हातात दिला. थर तीन मिलीमीटरचा, तर कापलेल्या कडेपासून साधारण चार सेंटीमीटरपर्यंत उतार घासायचा. म्हणजे नव्या मॅटला जुन्यावर चढायला जागा मिळते, नुसत्या कडेला कड चिकटवून काही टिकत नाही. त्या धुळीबद्दल काय सांगू! मास्क होता, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता, तरी रात्री दोनपर्यंत अंग खाजवत बसलो होतो. काकांनी आधीच सांगितलं होतं, गरम पाण्याने आंघोळ करू नको. मी केली.

मॅट भरायच्या दिवशी पाऊस थांबेना. रेझिनला दमट हवा सोसत नाही. दोन हॅलोजन लावून बॉनेट शेकत ठेवलं आणि आम्ही चहा पीत बसलो. अकरा वाजता जरा उघाडलं. मी घाईला आलेलो, म्हटलं हार्डनर थोडं जास्त घाला, लवकर सुकेल.

“वाढवलास तर लवकर कडक जातला, पण मगे मोडतला.”

अर्ध्या किलोला सात-आठ मिली, बस्स. डॉक्टरांनी त्यासाठी सिरिंज दिली होती, त्याचं काकांना फार कौतुक. रेझिन घट्ट व्हायला मदत करणारं कोबाल्ट त्यात आधीच ढवळून ठेवलेलं, हार्डनर अगदी शेवटी. ही दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, म्हणून दोन बाटल्या त्यांनी गॅरेजच्या दोन टोकांना ठेवलेल्या आणि पोराला मध्ये फिरकू दिलं नाही.

पुढचा अर्धा तास कोणी बोललं नाही. ब्रशने रेझिन, त्यावर मॅटचा तुकडा, पुन्हा रेझिन. कोरडी मॅट पांढरीशुभ्र असते. रेझिन मुरलं की ती बघता बघता काचेसारखी होते आणि खालचं दिसायला लागतं. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकलीय. काका खाचांचा रोलर फिरवून ते बुडबुडे एकेक करून कडेला हाकलत होते आणि मी बॅटरी धरून उभा. माझ्याच गॅरेजात मी हेल्पर! थोड्या वेळाने वाटीतलं उरलेलं रेझिन हाताला गरम लागायला लागलं आणि घट्ट झालं. तोवर शेवटचा तुकडा बसला होता.

पुढचं काम माझं होतं, म्हणून त्यात सांगण्यासारखं काही नाही. डाव्या कोपऱ्यातली जुनी लांबी काढून तिथेही मागून मॅट भरली, वरच्या बारीक चिरा खोलून भरल्या, घासलं, प्रायमर, रंग. लाल रंग जुळवायला मात्र तीन वेळा झक मारावी लागली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि सगळ्या बॉनेटवर वाजवून पाहिलं. काकांना फोन लावून तो आवाज ऐकवला. मग विचारलं, “तो साचा मी नेऊ का?” मला वाटलं, पुढेमागे नवीन बॉनेट काढून घ्यायचा विचार असेल.

दिवाळीत त्यांच्या घरी गेलो होतो. गाडी त्याच माडाखाली उभी. वर चार जीआय पाइप रोवून, बॉनेटच्या बरोबर डोक्यावर, तो साचा छपरासारखा बसवलेला. पाडेली अजून आलेला नव्हता.