रानबदकांची मरतुक: उन्हाळी फेऱ्यांच्या नोंदी

या टप्प्यात मोठा बदल एकच. मेलेले पक्षी उचलायची फेरी तीन दिवसांआड होती, ती आता रोज सकाळी.

कारण अळ्या. बदकांच्या बोटुलिझमचा (जिवाणूच्या विषानं अंग लुळं पडण्याच्या रोगाचा) जिवाणू, बहुधा सी प्रकारचा, बीजाणूंच्या रूपात चिखलात वर्षानुवर्षं पडून असतो. तेवढ्यानं काही बिघडत नाही. ऊन तापलं आणि आत हवा न पोचणारं सडकं मांस मिळालं की तो विष करतो. मढ्यावर माशा बसतात, अळ्या होतात. विष अळ्यांच्या अंगात राहतं, त्यांना बाधत नाही. पण तशा दोन-चार टिपल्या तरी धडधाकट बदक आडवं होतं. मग त्याच्यावर पुन्हा अळ्या, आणि एका मढ्यातून त्या हजारांनी निघतात. गरम हवेत तीन दिवस म्हणजे माशांना मोकळं रान.

वीजतारांखालचा पट्टा सगळ्यात आधी पाहायचा. तारेला धडकून पडलेल्या एका पक्ष्यापासूनही साखळी सुरू होते. पाण्याच्या पातळीची नोंद रोज; ती एकदम उतरली की मासे-किडे मरतात आणि जिवाणूला आयतं खाद्य मिळतं.

लक्षणांचा तक्ता सुधारला आहे. पाय लुळे, पंखांनी वल्हवत सरकणं, तिसरी पापणी अर्धी ओढलेली, मान टाकलेली: बोटुलिझमचा संशय. मान पेलत नाही म्हणून बरेच पक्षी बुडूनच मरतात. अशा पक्ष्याला सावली आणि गोडं पाणी द्यावं, प्रतिविष पशुवैद्याच्या हातूनच. बदकांना त्याचा चांगला गुण येतो, वारकरी (चांदवा) हे पाणपक्षी मात्र फारसे सावरत नाहीत.

छातीचं हाड वर आलेलं, पंख पाठीवर छपरासारखे, बुडाशी हिरवे डाग: शिशाच्या विषबाधेचा संशय. बंदुकीचे शिशाचे छर्रे खडे समजून गिळले जातात आणि गिझार्डमध्ये, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठरात, झिजत राहतात. ही बदकं एकेक करून झुडपांत मरतात, म्हणून मोजणीत निसटतात.

अंगानं भरलेली, पोटात दाणा असलेली बदकं एकाएकी बरीच मेली तर पाश्चुरेला जिवाणूचा रोग, म्हणजे पक्ष्यांचा कॉलरा. इथं थवे हुसकावू नका; वाहक पक्षी रोग पुढच्या पाण्यावर नेतात.

तक्ता फक्त संशयापुरता. १९१० मध्ये अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकजवळ बदकं ढिगानं मेली, दोष क्षारांवर गेला. ते बोटुलिझम होतं हे कळायला १९३० चं दशक उजाडलं. नमुना प्रयोगशाळेतच जायला हवा: मेलेला पक्षी ताजा हवा, एक-दोन दिवसांत पोचणार असेल तर बर्फात ठेवायचा, गोठवायचा नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू वरवर निरोगी बदकातही असू शकतो, म्हणून प्रत्येक मढं त्याच सावधगिरीनं हाताळायचं. परवानगी आधी. हातमोजे, मास्क, चष्मा, गमबूट. पिशवी हातावर उलटी चढवून पक्षी धरायचा, पिशवी सुलटी करायची, गाठ, वर दुसरी पिशवी. चिठ्ठीवर तारीख, जात, जागा. चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवावी; आत टाकली की भिजून वाचता येत नाही.

बुटांचं निर्जंतुकीकरण फसतं ते चिखलामुळे. आधी ब्रशनं चिखल काढा, मग १ भाग घरगुती ब्लीच, ९ भाग पाणी, १० मिनिटं. द्रावण रोज नवं. त्या दिवशी पाळीव कोंबड्या-बदकांकडे फिरकू नये.

पुढच्या फेरीपासून जिवंत आजारी पक्षी आणि मेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात.