तीन साचे

"तुमच्या पणजोबांचं एवढं सगळं कसं कळलं हो? आमच्याकडे तर साधा फोटोही नाही." लग्नात, बाराव्याला, कुठेही मला हे विचारलं जातं. फोटो आमच्याकडेही नाही. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, मुंबईत कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे विणकर होते. घरात ठाऊक होतं ते एवढंच.

आधी मी त्यांचं नाव धरून हिंडलो आणि दोन वर्षं फुकट घालवली. गिरणी केव्हाच बंद पडलेली, हजेरीपट रद्दीत गेलेले. भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला १९५२ साली, आणि हे त्याआधीच गिरणी सोडून गावी आलेले, त्यामुळे तिथेही काही नाही. कामावर लावणार मुकादम, घरी बसवणारही मुकादम. बहुतेक कारभार तोंडी.

शेवटी एक तलाठीभाऊसाहेब वैतागून म्हणाले, "अहो, माणूस कशाला शोधता? त्याची जमीन शोधा." जमीन म्हणजे काही गुंठे, त्यातही चार भाऊ. पण फेरफारात, म्हणजे जमिनीवरच्या नावबदलाच्या नोंदवहीत, वारसनोंद होती आणि पणजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं 'राहणार मुंबई'. कोतवाल बुकातल्या जन्माच्या नोंदी मोडी लिपीत. जाणकाराकडून वाचून घेतल्या, तर चारही भावांच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगा'. बारशाआधीच नोंद झालेली, मग नाव कुठून असणार!

खरं घबाड सापडलं ते गावच्या मराठी शाळेत, आणि तेही पणजोबांच्या नावावर नव्हे. मी गेलो होतो आजोबांची जन्मतारीख बघायला. दाखलखारीज रजिस्टरची पानं कडेला तपकिरी झालेली. गुरुजी पट्टीने एकेक उलटत होते, मला हात लावू देत नव्हते. आजोबांची ओळ सापडली. दाखल, जून १९२८. आधीची शाळा, मुंबई. पालकाचा धंदा, मजुरी. आणि शेवटच्या रकान्यात, नाव कमी केल्याचं कारण: 'मुंबईस गेला', नोव्हेंबर १९२८.

पाच महिन्यांसाठी मुलाची शाळा कोण बदलतं? मी पान खाली वाचत गेलो. त्याच जूनमध्ये मुंबईहून आलेली आणखी सहा पोरं होती, आणि दिवाळीच्या आगेमागे सगळी परत गेलेली.

गिरण्यांचा मोठा संप १९२८ च्या एप्रिलात सुरू झाला आणि ऑक्टोबरात मिटला. सहा महिने पगार नाही. ज्यांना गाव होतं त्यांनी बायकापोरं गावी धाडली, कित्येक स्वतःही गेले. भातलावणीला तेवढेच हात. संप एवढा लांबला त्यात गावाकडच्या तांदळाचाही हात आहे, असं माझं मत. घरात या संपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. शाळामास्तरांनी मात्र, आपण काय टिपतोय याची कल्पना नसताना, संपाची सुरुवात आणि शेवट दोन्ही लिहून ठेवले होते.

म्हणून विचारणाऱ्याला मी सांगतो, कष्टकरी माणूस स्वतःच्या कागदात क्वचित भेटतो. त्याच्या पोरांच्या शाळेत जा, भावाच्या सातबाऱ्यावर बघा.

आता राहिलं एक. संपामागचं एक मोठं कारण होतं साच्यांचं. विणकर दोन साचे चालवायचा, त्याला तीन द्यायचे आणि माणसं कमी करायची, असा मालकांचा बेत. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून आत्याला फोन लावला. कारण आजी, म्हणजे पणजोबांची सून, चुलीवर भात, हातात भाकरी आणि वर कुणी तिसरं काम सांगितलं, की कडाडायची, "मला तीन साचे लावू नका!" सासऱ्याचं बोलणं तिच्या तोंडी बसलेलं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे देवा. आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं, मोदकाचे."