पूर्व भागातली मुलं

मी सोलापुरातल्या आपल्या शाळेच्या 1985 च्या दहावीच्या बॅचचा. आमच्या वर्गाची हजेरी सुरू झाली की एकामागून एक तेलुगू आडनावं यायची. माझे आजोबा तेलंगणातल्या करीमनगरकडचे पद्मशाली विणकर. गावी हातमागावर भागेना म्हणून सोलापुरात आले आणि जुन्या मिलमध्ये लागले. 1877 साली सुरू झालेल्या त्या मिलच्या मागोमाग इथे आणखी गिरण्या निघाल्या आणि आमच्यासारखी कितीतरी घरं पूर्व भागात वसली. नायनांच्या, म्हणजे वडिलांच्या, वाट्याला यंत्रमाग आला. दादा तेलुगू माध्यमात शिकला, मला मात्र नायनांनी हट्टाने या मराठी शाळेत घातलं. बँक, दवाखाना, कचेरी सगळं मराठीत चालतं, घरात एकाला तरी ते नीट यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे मिसरूड फुटायच्या आधीच घराचा बाहेरचा कारभार माझ्या अंगावर आला. अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापाने कापलेलं ओलसर तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक पीळ, तोंड दुमडून दोरा. हजार विड्या भरल्याशिवाय ती उठत नसे. माल द्यायला कारखान्यात गेलं की तपासणारा मूठमूठ विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत. अम्माला त्याचं बोलणं समजायचं, पण भांडण्याइतकं मराठी तिच्याकडे नव्हतं. मग मी भांडायचो. घरी मोठ्यांपुढे तोंड उघडायचं नाही ही शिस्त आणि तिथे बापाच्या वयाच्या माणसाशी हुज्जत. दोन्ही एकाच संध्याकाळी.

हे सगळं आमच्या वर्गशिक्षकांना ठाऊक होतं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळायची. सर अर्ज नुसते वाटून थांबले नाहीत, रविवारी सायकल काढून घरोघरी फिरले. आमच्याकडे जमिनीवर बसून त्यांनी अम्माचं ओळखपत्र पाहिलं, एकेक रकाना मला भरायला लावला आणि अम्माने पुढे केलेली सर्वपिंडी, म्हणजे तांदळाच्या पिठाचं आमच्याकडचं थालीपीठ, दोनदा मागून खाल्ली. मी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होतो. सर मात्र प्रश्न अम्माकडे बघूनच विचारत. कारखान्यात तिच्याशी असं कुणी बोलत नसे.

नवरात्रातली एक दुपार तर आमच्या बॅचमधलं कुणीच विसरलेलं नाही. शाळेत भोंडला ठरला, तेव्हा बाईंनी मुलींना विचारलं, ‘‘तुमच्याकडे या दिवसांत काय असतं गं?’’ बतुकम्मा, म्हणजे तेलंगणात फुलं रचून पुजतात ती देवी, असं उत्तर आलं आणि बाईंनी तीही मांडायची ठरवली. आम्ही पोरं अक्कलकोट रोडच्या पुढे माळावर जाऊन पोतंभर तरवडाची फुलं घेऊन आलो. पितळी ताटात पिवळ्या तरवडाचा एक थर, त्यावर कुरडूचा, मग झेंडूचा, अशी ती वर निमुळती होत गेली आणि टोकावर हळदीची गौरम्मा बसली. एका बाजूला पाटावर भोंडल्याचा हत्ती, दुसऱ्या बाजूला बतुकम्मा. आया आल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी त्याआधी शाळेचं फाटक ओलांडलं नव्हतं. अम्मा पुढची ओळ सांगायची आणि बाकीच्या टाळ्यांवर ‘उय्यालो’ म्हणत फेर धरायच्या. हळूहळू मराठी मुलीही त्यात शिरल्या. माझा बाकावरचा मित्र म्हणाला, ‘‘तुझी आई भारी गाते की बे!’’ मला केवढा अभिमान वाटला होता!

गावी गेलो की नातेवाईक आमच्या मराठीमिश्रित तेलुगूला हसायचे, सोलापूरवाले म्हणायचे. आमच्यासारख्यांना ‘ना इकडचे ना तिकडचे’ म्हणायची पद्धत आहे. मला ते कधीच पटलं नाही. नारळी पौर्णिमेला पद्मशालींचं दैवत असलेल्या मार्कंडेयांच्या रथापुढे नाचणारे आम्ही आणि संक्रांतीला सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांमागे चालणारेही आम्हीच.

आजही शाळेत विडी कामगारांची मुलं आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज आता ऑनलाइन झालाय आणि घरच्यांना तो अधिकच अवघड जातो. आमच्या बॅचमधले काही जण मुदत संपेपर्यंत दर रविवारी शाळेच्या संगणक कक्षात बसून मुलांचे अर्ज भरून देतात. तेलुगू आणि कन्नड बोलू शकणारी माणसं कमी पडताहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांना येणं जमेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावं, ही विनंती.