हेराल्डची किंमत: व्यवहार अडला तो टपावर

मागच्या नोंदीत माझ्या जुन्या स्टँडर्ड हेराल्डच्या (ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती) ट्रनियनचे, म्हणजे पुढची चाके ज्यावर वळतात त्या खालच्या सांध्यांचे, काम संपल्याचे आणि गाडी विक्रीला काढत असल्याचे लिहिले होते. गाडी अजून माझ्याकडेच आहे. नाशिकचे जे गृहस्थ ती पाहायला येणार होते ते आले, त्यांनी सोबत आणलेला जॅक लावून गाडी खालून-वरून तपासली, आरसी बुक शांतपणे वाचले आणि माझ्या साडेपाच लाखांच्या अपेक्षेसमोर सव्वातीन लाखांचा आकडा ठेवून ते परत गेले. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाची मला सवय आहे. परंतु या गृहस्थांनी सांगितलेली दोन्ही कारणे इतकी नेमकी होती की त्यांच्या आकड्यापेक्षा ती कारणेच माझ्या डोक्यात राहिली आहेत.

पहिले कारण दाराच्या फटीचे. हेराल्डला स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, आहे आणि बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले आहेत, हे येथे सर्वांना ठाऊक आहेच. फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ताब्यात गेल्यामुळे हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध बॉडीचा पुरवठादार उरला नाही, आणि १९५९ मध्ये इटालियन आरेखक मिकेलोत्तीच्या आरेखनाची ही गाडी जुन्या पद्धतीच्या चासीवर उभी राहिली. त्यामुळे एमजीबीसारख्या मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या, एकसंध बॉडीच्या) गाडीत दाराखालच्या ज्या सिलवर सगळा जीव असतो, तो सिल हेराल्डमध्ये केवळ बोल्टने लावलेला पत्रा आहे. खरा भार चासीचे मुख्य रूळ आणि त्यांतून बाजूंना बाहेर निघणारे हात, म्हणजे आउटरिगर, घेतात. या गृहस्थांनी नव्या रंगवलेल्या सिलकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी जॅक चासीच्या पुढच्या भागाखाली लावून गाडी उचलली आणि दाराच्या मागच्या कडेची वरची फट किती मिटते, म्हणजे चासी किती लवते, ते पाहिले. डावीकडे ती डोळ्यांना दिसेल इतकी मिटली.

खाली वाकून पाहिल्यावर कारण सापडले. डावीकडच्या मागच्या आउटरिगरवर एका जुन्या मालकाने पुण्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा डकवून घेतला होता. बाहेरून वेल्डिंग सुबक आहे आणि वर अंडरकोटिंगचा जाड थर आहे. आत मात्र चिखल आणि पाणी अडकून राहिल्याने जुना पत्रा बिस्किटासारखा झाला आहे. असे ठिगळ मी कोणत्याही गंजापेक्षा वाईट मानतो, कारण उघडा गंज निदान विकत घेणाऱ्याला दिसतो.

आता किमतीचा मुद्दा, ज्यावर मला या वेळी सर्वांत जास्त लिहायचे आहे. दुरुस्ती बाकी असलेल्या गाडीची किंमत ठरवताना आपण बहुतेक जण चांगल्या अवस्थेतील गाडीची किंमत धरतो, तीतून कामाचा खर्च वजा करतो आणि उरलेला आकडा मागतो. विकत घेणारा असा हिशेब करत नाही. आउटरिगर बदलण्याचा मला मिळालेला अंदाज पासष्ट हजारांचा आहे, पण त्या गृहस्थांनी त्यासाठी जवळजवळ दीड लाख वजा केले, आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते. एका बाजूला ठिगळ सापडल्यावर दुसऱ्या बाजूला, डिकीखालच्या आउटरिगरमध्ये आणि मुख्य रुळांत काय दडले असेल याची भीतीही किमतीतून वजा होते. म्हणून ज्या कामात खर्च कमी पण अनिश्चितता मोठी आहे ते विकणाऱ्याने करून घ्यावे, आणि रंग, गाद्या, क्रोम अशी ज्याचा खर्च कोणालाही आधी कळू शकतो ती कामे घेणाऱ्यावर सोडावीत, या मतावर मी आलो आहे. ताजा रंग तर मी मुळीच देणार नाही. विक्रीच्या तोंडावर रंगवलेली जुनी गाडी पाहिली की रंगाखाली पत्रा आहे की पुट्टी हे पाहायला जाणकार माणूस आधी खिशातले लोहचुंबक काढतो.

दुसरे कारण अधिक अवघड होते. आरसी बुकात बॉडीचा प्रकार सलून, म्हणजे पत्र्याच्या पक्क्या टपाची गाडी, असा आहे. ही गाडी १९६७ ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि तिचा पत्र्याचा टप एका पूर्वीच्या मालकाने काढून तिला कापडी हूड बसवले, हे मी पहिल्या नोंदीपासून लिहीत आलो आहे आणि त्या गृहस्थांनाही फोनवरच सांगितले होते. हेराल्डचा टप समोरच्या काचेच्या चौकटीला आणि मागच्या डेकला (मागच्या काचेखालच्या पत्र्याला) बोल्टने धरलेला असल्याने हे रूपांतर जगभर झाले आहे. ब्रिटनमध्ये तर गाडी कारखान्यातूनच कन्व्हर्टिबल म्हणून निघाली होती की नाही हे ठरवण्यासाठी लोक आधी कारखान्याने गाडीला दिलेल्या कमिशन क्रमांकाच्या शेवटी सीव्ही ही अक्षरे आहेत का ते पाहतात. आपल्याकडे मात्र प्रश्न केवळ अस्सलपणाचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल अडचणीचा ठरतो. शिवाय जुलै २०२१ च्या अधिसूचनेनुसार व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी असण्याबरोबरच मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्या गृहस्थांना पुढेमागे हीच नोंदणी करायची आहे. त्यांच्या दृष्टीने माझी गाडी दिसायला देखणी आणि कागदावर अडलेली आहे.

येथपर्यंत लिहून झाले तेव्हा माझा बेत असा होता की मुंबईच्या एका कारागिराकडून नवे हूड शिवून घ्यावे, त्याने पंचेचाळीस हजार सांगितले आहेत, आणि उघडी गाडी हवी असणाऱ्या दुसऱ्या कोणाची वाट पाहावी. मात्र काल संध्याकाळी कोईमतूरच्या एका स्नेह्यांचा निरोप आला की त्यांच्या ओळखीत एक दोन दारांची हेराल्ड सुट्या भागांसाठी मोडली जात आहे आणि तिचा टप शाबूत आहे. टप आणि वाहतूक मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत बसतो. त्या निरोपानंतर माझा सगळा विचार बदलला आहे. हूडवर एक रुपयाही खर्च न करता मी टप बसवणार. मागचा डेक कोणी कापलेला नाही आणि बोल्टची मूळ भोके तशीच आहेत, हे आज सकाळी पाहून घेतले. टप बसला की गाडी आरसीशी जुळते आणि बॉडीला थोडा ताठपणाही परत मिळतो. कापडी हूडचा सांगाडा मी सुटा देईन, म्हणजे पुढचा मालक आपल्या जबाबदारीवर काय करायचे ते ठरवू शकेल. हा खरोखर बोल्टने जोडलेल्या गाडीचा मोठेपणा आहे. एखाद्या मोनोकॉकचे छप्पर कापले असते तर हा मार्गच उरला नसता.

क्रम मात्र पाळावा लागेल. आधी दोन्ही दारे लावलेली ठेवून दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप बांधायचे, चासी रुळांखाली सपाट टेकू द्यायचे, फटी मोजून लिहून ठेवायच्या, मग आउटरिगर पूर्ण कापून नवा लावायचा आणि त्यानंतरच टप चढवायचा. उलट केले तर वाकडी चासी टपाच्या बोल्टने ओढून धरली जाईल आणि समोरच्या काचेवर ताण येईल. उजव्या बाजूचे अंडरकोटिंगही मी खरवडून काढणार आहे आणि उघड्या पत्र्याची छायाचित्रे गाडीसोबत देणार आहे.

बाकीची प्रगती थोडक्यात. ट्रनियनमध्ये ग्रीसऐवजी ईपी ९० हे गिअरचे तेल भरल्यापासून स्टीअरिंग इतके हलके झाले आहे की मंडईच्या गर्दीत गाडी वळवण्याचा आनंद पुन्हा मिळतो. ९४८ सीसीचे इंजिन थंड असताना चोक ओढून पहिल्याच फेरीत सुरू होते, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या अगदी जवळ आहे, आणि गाडी पाहायला येणाऱ्यांसमोर इंजिन मी नेहमी थंड अवस्थेतूनच सुरू करतो. मागची आडवी पट्टा स्प्रिंग मात्र बसली आहे आणि मागची चाके वरून आत झुकलेली दिसतात. ते काम मी करणार नाही, पण सांगणार आहे. रबराच्या लहान भागांसाठी पुण्यातली नाना पेठ पुरते. ट्रनियन आणि बुश मी ब्रिटनमधल्या रिमर ब्रदर्स या सुटे भाग विकणाऱ्यांकडूनच मागवले, सीमाशुल्कामुळे महाग पडले, तरी आकृतीवर क्रमांक पाहून मागवता येते म्हणून चुकीचा भाग येत नाही.

आउटरिगर आणि टप झाल्यावर मागणी पाच लाखांची राहील. आधीच्यापेक्षा ती कमी आहे, पण या वेळी तीतून वजा करायला फक्त स्प्रिंग, रंग आणि गाद्या उरतील. नाशिकच्या गृहस्थांना आज हे सर्व कळवले. कापलेल्या आउटरिगरची छायाचित्रे पाहूनच बोलू, असे त्यांचे उत्तर आले, आणि ते मला रास्त वाटते. दरम्यान, टपासोबत मागची काच येत आहे, तिचे रबर मात्र फाटलेले आहे. कोणाकडे दोन दारांच्या गाडीचे जुने पण लवचीक रबर पडून असेल, किंवा हुबेहूब छेदाचे रबर भारतात काढून देणारा कोणी ठाऊक असेल, तर कृपया कळवावे.