वारसा यादीतलं घर आणि सिमेंटचं पोतं

नागपूरच्या वारसा यादीत झिरो माइलचा खांब आहे, कस्तुरचंद पार्क आहे, आणि साधी राहती घरंही आहेत. ही घरं श्रेणी तीनमध्ये. पहिल्या श्रेणीत जवळपास हात लावता येत नाही, तिसरीत बरीच मुभा असते. पण बाहेरून दिसणाऱ्या कामाला आधी परवानगी लागते. केंद्रीय संरक्षित स्मारकाचा नियम वेगळा: १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. लोक हे दोन्ही हमखास एक समजतात.

खरा घोळ कागदात नाही, गिलाव्यात होतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. जमिनीतून वर चढणारी ओल चुन्यातून बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते, लोणा (भिंतीतले क्षार) फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटांचा दर्शनी पापुद्रा सिमेंटसकट खाली येतो.

म्हणून आधी सगळं सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. सांधे २० मिलिमीटर खोल खरवडून भिंत पाण्याने भिजवा. कळीचा चुना विरवून निदान दोन आठवडे पाण्याखाली ठेवलेला हवा. एक भाग चुना, तीन भाग मिळून वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. एक थर १० ते १२ मिलिमीटर, जास्त नाही. मग आठवडाभर ओली गोणपाटं. एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नका. आपल्या उन्हात पाणी उडून जातं आणि बोट फिरवलं तरी गिलाव्याची पूड हाताला लागते.