तुम्ही विचारलंत म्हणून: ते मारवेलच आहे का?

पोळा झाला की एक प्रश्न ठरलेला: "बांधावर लावायला मारवेल गवताची ठोंबं आणली, पण ती मारवेलचीच आहेत कशावरून?" सोबत मोबाइलवर लांबून काढलेला ठोंबाचा फोटो. त्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही. मुरमाड गायरानावर जे गवत वीतभर राहतं, तेच पाटाच्या कडेच्या काळ्या जमिनीत कंबरेला लागतं. पातीची रुंदी, उंची, तुऱ्याचा जांभळेपणा हे सगळं जमिनीवर आणि पावसावर बदलतं. त्यावर विसंबू नका.

नावावर तर मुळीच नको. पवना म्हणजे कोणतं गवत, याची दोन गावांत दोन उत्तरं मिळतात आणि आपापल्या गावापुरती दोन्ही बरोबर असतात.

बहुतेक जण मारवेल ओळखतात ते पेराच्या गाठीवरून. गाठीभोवती पांढऱ्या लांब केसांचं कडं असतं. डायकॅन्थियम ॲन्युलॅटम या शास्त्रीय नावातलं 'ॲन्युलॅटम' म्हणजे कडंवालं. खूण खरी आहे, पण एकट्या तिच्यावर निकाल देता येत नाही. त्याच माळावर वाढणाऱ्या बोथ्रिओक्लोआ परट्युसा या दुसऱ्या गवताच्या गाठीही केसाळच असतात. तुराही तसाच, हाताच्या बोटांसारखा फुटलेला, आणि प्रत्येक बोटावर बारीक कुसळं. उलट गाठीवर केस दिसले नाहीत म्हणून मारवेल नाही, असंही लगेच म्हणू नका. जुन्या काडीवरचे केस झडलेले असतात. वरच्या कोवळ्या गाठी बघा.

निकाल लागतो तो तुऱ्यात. दहापट दाखवणारं भिंग घ्या. अर्धा फुललेला तुरा तोडा, त्याचं एक बोट सुटं करा. त्यावर कणिशकांच्या (ज्यांत दाणा भरतो त्या बारीक कणसांच्या) जोड्या असतात: एक बिनदेठाचं, कुसळ असलेलं, दुसरं छोट्या देठावरचं, बिनकुसळाचं. आता दोन जोड्यांच्या मधला दांडीचा तुकडा आणि कणिशकाचा तो छोटा देठ उजेडासमोर धरा. मारवेलमध्ये दोन्ही सलग भरीव दिसतात, मधून उजेड येत नाही. बोथ्रिओक्लोआत दोन्ही कडा जाड, आणि मधोमध लांबट खाच असते. तिथला पापुद्रा बटर पेपरसारखा अर्धपारदर्शक. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

मग बिनदेठाच्या कणिशकाचं बाहेरचं, खालचं तूस (टरफल) पाहा. परट्युसात त्याच्या मधोमध टाचणी टोचल्यासारखी एक खळगी असते. 'परट्युसा' म्हणजे भोक पडलेली. खळगी दिसली तर ते मारवेल नाही. नाही दिसली म्हणून मात्र ते मारवेल ठरत नाही, कारण बोथ्रिओक्लोआच्या काही जातींत खळगी नसते. अशा वेळी पुन्हा उजेडासमोरची दांडी.

एवढी उठाठेव का? परट्युसा जमिनीलगत धावते आणि सततची चराई सोसते. दाबून चारलेल्या गायरानात ती टिकून राहते, पसरते, उंच गवतं मात्र मागे हटतात. देवणी-लालकंधारी गुरांसाठी कापून घालायचा चारा हवा असेल, तर बांधावर हवं मारवेल.

एक अडचण मान्य करायला हवी. डायकॅन्थियम, बोथ्रिओक्लोआ आणि कॅपिलिपेडियम या तीन प्रजातींत आपसात संकर होतात, म्हणून एखादा नमुना अधलामधला निघतो. मारवेलचं बी बहुतांशी फलनाशिवाय तयार होतं. त्यामुळे एखादं वेगळं रूप एकदा तयार झालं की ते जसंच्या तसं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतं.

कुसळी आणि शेडा या गवतांतली गल्लत सोडवणं सोपं आहे. दोघांच्या काडीच्या टोकाला एकच कणीस. कुसळीची (हेटेरोपोगॉन कॉन्टोर्टस) काळपट कुसळं पिकली की एकमेकांत पिळून दोरीसारखी होतात. ओल लागली की कुसळ फिरतं, वाळलं की उलटं फिरतं, आणि बियाचं टोकदार बूड आत रुततं, जमिनीत तसंच शेळीच्या कातडीतही. फुलोरा नसेल तर बुंधा चिमटीत धरा: कुसळीची पात्यांची म्यानं (काडीला वेढणारे पातीचे बुडखे) चपटी, दुमडलेली लागतात. शेड्याची (सेहिमा नर्व्होसम) पाती टोकाला दोऱ्यासारखी बारीक होत जाते आणि पाती-म्यानाच्या सांध्यावर पडद्याऐवजी केसांची झालर असते.

अंजन आणि मोडा धामण ही दोन गवतं बोटांनीच कळतात. अंजनाच्या कणसाचे केस लांब, लवचीक, आतले पिसासारखे. हात फिरवला तर मऊ. धामणाचे राठ, आखूड, बुडाशी जुळून वाटीसारखे झालेले.

ओळखण्यासाठी नमुना पाठवायचाच असेल तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा, मुळासकट उपटलेला पाठवा; नुसता तुरा पाठवलात तर झाड ठोंब करतं की धावतं ते कळत नाही. वर्तमानपत्रात दाबा आणि चार-पाच दिवस रोज कागद बदला. पावसाळ्यात तसाच ठेवला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते आणि गाठीवरचे केस कागदाला चिकटून निघतात. जमीन कसली, तुऱ्याचा रंग कोणता, हे ओलं असतानाच लिहून ठेवा. वाळल्यावर रंग राहत नाही. आणि ठोंबं आणलीत तेव्हा तुरा नव्हता, तर सगळा बांध भरू नका. दोन ठोंबं कुंडीत लावा, तुरा आला की भिंग काढा, बाकीची लागवड त्यानंतर.